पाय उचलायची जागा

बाबांनी काळीपिवळी जीपच्या मागच्या सीटा काढून अंगणात ठेवल्या, तेव्हा आमच्या घरची परिस्थिती मला खरी कळली. बाबा उमरखेड-ढाणकी रस्त्यावर ती जीप चालवायचे. बाजाराच्या दिवशी तिच्यात माणसं कोंबून बसायची आणि दोघं-तिघं मागे लोंबकळायचे. मग कापसाची वाईट वर्षं आली. बोंडात अळी, भावाचा पत्ता नाही, आणि लोकांनी बाजाराला जाणंच सोडलं. माणसं नाहीत तर निदान माल तरी नेऊ म्हणून बाबांनी सीटा काढल्या. पण माल तरी कुठून येणार? जीप दारात उभी राहिली आणि सीटा अंगणात. त्यांच्या फाटक्या रेक्झिनवर बसून मी दहावी केली, बारावीही केली. घरी टेबल नव्हतं. मला त्याची लाज वाटली नाही, आजही वाटत नाही.

आमच्याकडे एक खूण असते. हंगामात कापसाच्या भरल्या गाड्या गेल्या की रस्त्याकडेच्या बाभळींना कापूस अडकतो आणि मैलोगणती काटे पांढरे दिसतात. त्या वर्षांत बाभळी कोऱ्या राहिल्या. शेतात कपाशीच्या न वेचलेल्या पऱ्हाट्या पांढऱ्याफटक उभ्या, रस्त्यावर मात्र एक धागा नाही. भर दुपारी त्या रस्त्यानं जाताना वाटायचं, सगळी माणसं कुणीतरी उचलून नेलीत आणि कापूस तेवढा विसरलाय.

आता वळणाबद्दल सांगते, कारण पुढचं सगळं तिथंच घडलं.

उमरखेडहून पुसदकडे जाताना सागवानातून एक लहानसा घाट लागतो. त्याच्या मध्यावर, एका लांबलचक डाव्या वळणाच्या पोटात, वाघामायचा शेंदूर लावलेला दगड आहे. तिथं हॉर्न वाजवायचा नाही अशी आमच्याकडच्या ड्रायव्हरांची रीत. माय झोपलेली असते म्हणतात. दगड दिसला की रेस सोडायची, म्हणजे अॅक्सिलरेटरवरचा पाय उचलायचा, गाडी आपल्या चालीनं, आवाज न करता पुढे जाऊ द्यायची, आणि एक हात कपाळाला लावायचा. आत बसलेली माणसंही बोलणं थांबवायची. लग्नाची वरात असली तरी गाणं तुटायचं आणि वळण संपलं की पुन्हा सुरू व्हायचं. लहानपणी पुसदची फेरी असली की मी जीपमध्ये बाबांच्या बाजूला बसायची आणि त्यांच्या पायाकडे बघायची. दगड दिसायच्या आत तो पाय वर यायचा. इंजिन गप्प व्हायचं. फक्त टायरखाली पानं मोडल्याचा आवाज. अंगावर काटा यायचा आणि तो मला आवडायचा.

जीप बसल्यावर बाबा बदली ड्रायव्हर म्हणून जाऊ लागले. उमरखेडात एक जुनं वकिलांचं घर होतं, आजोबा वकील, बाप वकील. तिसऱ्या पिढीतल्या मुलाला सगळे छोटे वकील म्हणायचे. त्यांनी एक जपानी बनावटीची गाडी घेतली आणि पुण्याला नेऊन ती बदलून आणली. गाडी दबवून जमिनीजवळ नेली, शॉकअप कडक केले, इंजिनाला जास्त हवा आणि जास्त पेट्रोल मिळेल अशी सोय केली, सायलेन्सर मोठ्या आवाजाचा लावला. मागच्या दोन चाकांना जोडणारा एक जाड लोखंडी दांडाही बसवला, गाडी वळणात कलू नये म्हणून. उमरखेडात तिला नाव पडलं जपानी. ती निघाली की बसस्टँडवरची कुत्री उठून उभी राहायची.

छोट्या वकिलांचा हात क्रिकेट खेळताना मोडला, प्लास्टर आलं, आणि यवतमाळच्या कोर्टात तर जायचंच होतं. त्यांनी बाबांना बोलावलं. उमरखेडात बाबांच्या हाताला नाव होतं. पावसात, चिखलात, ब्रेक कमी असताना त्यांनी माणसं सुखरूप आणली होती.

पहिल्या फेरीनंतर बाबा घरी येऊन आईला म्हणाले, "गाडी नाई ते, हरीण आहे. आपली जीप चाळीसवर गेली का थरथरते. हे ऐंशीवर बी तशीच. वेग समजतच नाई."

आई म्हणाली, "मंग समजेल असं चालवा."

दुसऱ्या फेरीला ती गाडी वाघामायच्या वळणात स्वतःभोवती फिरली आणि मागच्या बाजूनं सागाच्या झाडावर जाऊन आदळली. सकाळची वेळ. रस्ता कोरडा. समोरून कोणी नाही. छोट्या वकिलांना खरचटलं, बाबांचा खुबा मोडला.

दवाखान्यात मी विचारलं, "बाबा, झालं काय?"

"मी काई केलं नाई, बाई. मायचा दगड दिसला, मी रेस सोडली. अन् मांगून कोणीतरी गाडीले ढकललं."

"मागं गाडी होती?"

"मांगं कोणीच नव्हतं. तेच तर सांगून राह्यलो."

हे सांगताना ते माझ्याकडे बघत नव्हते. खाटेच्या पायथ्याशी बघत होते, जसं तिथं कोणी उभं आहे.

गावात दोन गोष्टी पसरल्या. एक, वाघामायनं धरलं. गाडीचा तो आवाज तिच्या दारात नेला, तिची झोप मोडली. दुसरी छोट्या वकिलांची. ते वाईट माणूस नव्हते, दवाखान्यात दोनदा येऊन गेले. पण पानठेल्यावर कुणी विचारलं तेव्हा म्हणाले, "गाडी चांगली होती हो. ड्रायव्हरला पॉवर झेपली नाही." ते वाक्य आमच्या घरी पोचायला संध्याकाळही झाली नाही.

खुबा जुळला. डॉक्टरांनी गाडी चालवायला हरकत नाही म्हणून सांगितलं. बाबांनी स्टेअरिंगला हात लावला नाही. काठी घेऊन अंगणातल्या सीटवर बसायचे. स्टँडवरचे जुने साथीदार गंमत करायचे, "काय ड्रायव्हर, जपानी झेपली नाई वाटते!" बाबा हसायचे. ते हसणं मला सहन व्हायचं नाही. आई सांगायची, "तुया बापाचा पाय झोपेत बी वर उचलते. अन् मंग दचकून मांगं पायते." मी पाहिलं एकदा. दुपारी झोपले होते. उजवा पाय हळूच वर आला, हवेत थांबला. मग त्यांनी मान वळवून मागच्या भिंतीकडे पाहिलं. डोळे बंदच होते.

जीप पुढे एका साथीदाराला मिळेल तो माल वाहायला दिली. तो म्हणायचा, "तुमी या, मी उतरतो." बाबा म्हणायचे, "मायनं मले नको म्हटलं ना. आता माणसं भरून कसा जाऊ?"

मला यवतमाळला इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला. आमच्या घरात त्याआधी कोणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं. मला हुशारीचा गर्व होता आणि तो मी लपवत नव्हते. पण घरून पत्र आलं की आधी एकच बघायची, बाबांनी गाडी चालवली का. नाही चालवलेली.

शेवटच्या वर्षी प्रोजेक्ट करायचा होता. सरांनी विषय विचारला. मी म्हणाले, वळणावर गाडी कशी वागते. गाडी कोणती? मी म्हणाले, आहे एक.

छोट्या वकिलांनी जपानी दुरुस्त करून, रंग मारून घेतली होती, पण पुन्हा तिच्यात बसले नव्हते. यवतमाळजवळ लोहाऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत एका ओळखीच्या मिस्त्रीच्या शेडमध्ये ती ट्रकवर घालून नेऊन ठेवलेली होती. मी फोन केला. ते म्हणाले, "घेऊन जा. मला डोळ्यासमोर नको ती."

शेजारची कापसाची जिनिंग गिरणी बंद पडलेली होती. पत्रे वाऱ्यानं हलायचे आणि आतून कोणी दार ठोकतंय असं वाटायचं. मिस्त्रीनं शेडचं दार उघडलं, पण आत आला नाही.

"इंजिनेर बाई, गाडी न्या. पण मले बाजूले बसा म्हणू नका. घरी तीन लेकरं आहेत."

"परवा तर दोन म्हणत होते."

"तिसरं येऊन राह्यलं ना. त्याले बी बाप पायजे."

गाडीवर बोटभर धूळ. काचा आंधळ्या झालेल्या. मी आत बसले. सीट पुढेमागे करावी लागली नाही, आरसा हलवावा लागला नाही. माझी उंची बाबांची आहे. शेवटचं त्या आरशात बाबांनी पाहिलं होतं, तो तसाच राहिला होता. मी त्यात पाहिलं. पुढच्या सीटवर धूळ होती, डॅशबोर्डवर होती, सगळीकडे होती. मागच्या सीटवर मधोमध, एक माणूस बसेल एवढ्या जागेत, नव्हती.

मिस्त्री बाहेरूनच म्हणाला, "मांजर झोपत असन."

असेल. मांजर मी त्या शेडमध्ये कधी पाहिलं नाही.

वसाहतीच्या टोकाला मोकळं मैदान होतं. मी आणि वर्गातल्या मुलांनी तिथं चुन्यानं मोठं वर्तुळ आखलं. वर्तुळावर एका वेगात गाडी फिरवत राहायची, आणि काय होतं ते बघायचं. पहिले काही दिवस काही झालं नाही. ही गाडी पुढच्या चाकांनी ओढणारी. रेस धरून ठेवली की चुन्याच्या रेघेला चिकटून जायची. वेग वाढवला तर नाक थोडं बाहेर जायचं, इतकंच. जीपमध्ये तेवढ्या वेगात आम्ही उलटलो असतो. आणि हे सगळं इतक्या शांतपणे, की आपण पडायच्या काठावर आहोत हे अंगाला समजत नाही. बाबा म्हणाले होते ते मला तेव्हा पटलं.

एके संध्याकाळी, ऊन कलल्यावर, रेघेच्या पलीकडे एक गाय येऊन उभी राहिली. मी पाय उचलला. एवढंच केलं.

आणि मागून कोणीतरी गाडीला ढकललं.

मी हे सजवून सांगत नाही. अगदी तसंच वाटलं. एका तळहातानं, मागच्या उजव्या कोपऱ्यावर, शांतपणे दिलेला धक्का. समोरची जिनिंग खिडकीतून बाजूला पळाली, आकाश फिरलं, आणि गाडी उलट्या तोंडानं उभी राहिली. गाय मला बघत होती. मी आरशात पाहिलं. मागची सीट रिकामी होती. मैदानात फक्त चुन्याचा धुरळा. मला बाबांचं वाक्य त्यांच्याच आवाजात ऐकू आलं, आणि बराच वेळ दार उघडायचं धाडस झालं नाही.

मग मी वहीपेन्सिल न घेता, नुसती जमिनीवर बसून विचार केला. धावत्या गाडीत पाय उचलला की तिचं वजन पुढे झुकतं. पुढची चाकं जमिनीला जास्त धरतात, मागची हलकी होतात. सरळ रस्त्यावर काही बिघडत नाही. वळणात मात्र हलकी झालेली मागची बाजू बाहेर सटकते. जीप जड, मऊ आणि हळू, तिला काही होत नाही. पण जपानीचा मागचा दांडा इतका कडक होता की मागची चाकं आधीच जमिनीला जेमतेम धरून होती. त्यात पुढचे टायर नवे, मागचे जुने, कडक झालेले. पुण्याच्या माणसानं पॉवर वाढवली होती. ती उतरवायची कशी, हे कोणाला सांगितलं नव्हतं.

म्हणजे बाबांनी तेच केलं होतं जे त्या घाटात प्रत्येक चांगला ड्रायव्हर करतो. मायसाठी पाय उचलला होता. त्या गाडीत आणि त्या वेगात ती एकच गोष्ट करायची नव्हती.

कारण कळलं, पण नुसतं कळून हाताला काही येत नाही. त्या वर्तुळावर मी किती वेळा उलटी फिरले त्याचा हिशोब नाही. घाबरलं की पाय वर येतोच, तो आपलं ऐकत नाही. मागची बाजू सुटली की मान मागे वळवायची नाही, जिकडे जायचं तिकडे बघायचं. स्टेअरिंग घसरणीच्या बाजूला द्यायचं, आणि मन नको म्हणत असताना पाय थोडा दाबायचा, म्हणजे वजन पुन्हा मागं येतं. महिनाभरात मी तिला सुटू देऊन पकडायला शिकले. मिस्त्री भिंतीमागून बघायचा आणि ओरडायचा, "बाई, गाय विकत घ्या एक, रोज उभी करू!"

छोटे वकील एकदा कोर्टाच्या कामाला आले तेव्हा मी त्यांना मैदानात बोलावलं. ते स्वतः चालवायला बसले, मी बाजूला. रेस धरून झकास चालवत होते.

मी म्हणाले, "वकीलसाहेब, आता पाय उचला."

गाडी उलटी उभी राहिल्यावर त्यांनी पहिलं काम केलं ते मागे वळून पाहायचं. मग ते हळूच म्हणाले, "हेच झालं होतं." पॉवर झेपली नाही असं मी त्यांना म्हणाले नाही. म्हणायची फार इच्छा होती.

पण माझं काम बाबांशी होतं. सुट्टीत मी जपानी घेऊन उमरखेडला आले. मागचा दांडा मी तेव्हाही मुद्दाम काढला नव्हता. बाबांनी अंगणातूनच तिचा आवाज ओळखला. मी सगळं समजावलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "हे पुस्तकातलं आहे, बाई. तुले मायबद्दल काय मालूम?"

"मग बाजूला बसा. मी चालवते."

आईनं नारळ दिला आणि बाबांना म्हणाली, "जा ना. पोरगी एवढी शिकली ते कायले?"

दुपार होती. सागाची पानं गळायचे दिवस, थाळीएवढी पानं रस्त्यावर. वारा नाही. घाट लागला तशी बाबांनी काठी मांडीवर आडवी घेतली. मी त्यांना माझा बेत सांगितला. वळणाच्या आधीच, सरळ रस्त्यावर, गाडी हळू करून घ्यायची. वळणात मग पाय हलवायचा नाही, नुसता टेकवून ठेवायचा.

"मायच्या दारात रेस द्यायची?"

"तिला ऐकू जाणार नाही इतकी."

सरळ रस्त्यावर मी वेग कमी केला, निदान मला तसं वाटलं; त्या गाडीत वेग समजत नाही. डावं वळण सुरू झालं. दगड दिसला, शेंदूर ताजा होता. बाजूला बाबांचा उजवा पाय वर आला. आणि माझाही आला.

मी उचलला नाही. मी आजही हेच सांगेन. महिनाभर मी त्या पायाला शिकवलं होतं. पण लहानपणापासून जो पाय मी बघत होते तोच माझ्या अंगात उठला. इंजिन गप्प झालं. टायरखाली पानं मोडली. आणि मागून तो हात आला.

मागची बाजू सुटली. सागाचं ते झाड, अजून साल निघालेलं, खिडकीत आलं. मी मागे पाहिलं नाही. रस्त्याच्या पुढच्या टोकाकडे पाहिलं, स्टेअरिंग उलटं दिलं, आणि वाघामायच्या अगदी समोर रेस दाबली. सायलेन्सर ओरडला. सबंध घाट दणाणला. गाडीनं एकदा अंग झटकलं आणि सरळ झाली.

वळण संपल्यावर मी थांबवली. मागे आवाज विरत गेला आणि मग काहीच ऐकू येईना, पाखरूही नाही. आता माय उठेल असं मला, इंजिनिअर होऊ घातलेल्या मला, खरंच वाटलं.

बाबा म्हणाले, "हेच. हेच ढकलणं."

"हो."

"तुले बी ढकललं."

"पाय उचलला की ती सगळ्यांनाच ढकलते, बाबा. वकिलांनाही ढकललं."

"मले वाटलं, तिनं मले एकट्यालेच नको म्हटलं." मग काठी मागच्या सीटवर टाकून ते म्हणाले, "उतर. इकडं ये."

ते स्टेअरिंगवर बसले. आरसा हलवावा लागला नाही. गाडी वळवून आम्ही पहिल्या गिअरमध्ये रांगत खाली गेलो आणि पुन्हा वर आलो. मी रस्त्याकडे पाहत नव्हते, त्यांच्या पायाकडे पाहत होते. सरळ रस्त्यावरच त्यांनी गाडी इतकी हळू केली की बैलगाडीनं मागे टाकावं. वळण आलं. पाय थरथरला, वर यायला निघाला आणि टेकलेला राहिला. कपाळाला हात लावायच्या ऐवजी ते तोंडानं, अगदी हळू म्हणाले, "माय, येतो." इंजिन मांजरासारखं गुरगुरत राहिलं आणि दगड मागे गेला.

पुढे त्यांनी दोनदा आरशात पाहिलं.

"काय पाहता?"

"मांगं कोणी नाई, ते पाहून राह्यलो."

नारळ आम्ही परतताना फोडला. घरी आल्यावर गाडी पुसायला मी मागचं दार उघडलं. खिडक्या उघड्या होत्या, घाटातली लाल धूळ सगळीकडे बसली होती. मागच्या सीटवरची मधली ती मोकळी जागाही धुळीनं झाकून टाकली होती. शेडमधून काढल्यापासून तिथं धूळ मी पहिल्यांदाच पाहिली.

छोट्या वकिलांनी मागचा दांडा काढून टाकला, टायर बदलले, आणि त्याच पानठेल्यावर, ऐकायला माणसं असताना सांगितलं की चूक गाडीच्या मांडणीत होती, ड्रायव्हरमध्ये नाही. अंगणातल्या सीटा बाबांनी धुऊन जीपमध्ये परत बसवल्या. आमच्या घराण्यातली मी पहिली पदवीधर झाले, पहिल्या वर्गात. आणि माझे बाबा ढाणकीच्या रस्त्यावर पुन्हा ड्रायव्हर झाले.